जरासं इकडे

आमच्या घरात एकही वस्तू तिच्या जागेवर सुखाने नांदत नाही, आणि त्याला कारण बाबा. जेवायला बसले तरी समोरचा पाण्याचा जग उचलून डावीकडे ठेवतात, मान तिरकी करून बघतात आणि मगच पहिला घास घेतात. "जरासं इकडे" हा त्यांचा जप. खुर्ची जरासं इकडे, पडदा जरासं इकडे, तू जरासं इकडे. आई मुलांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे तिला हे अजिबात खपत नाही. ती म्हणते, "खुर्ची जराशी, पडदा जरासा. तुमच्या 'जरासं'ला लिंग-वचन काही आहे की नाही?" बाबा म्हणतात, "फ्रेमला व्याकरण नसतं."

मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हाची गोष्ट. नुसती ढाल हातात धरून फोटो काढायचा होता. बाबांनी मोडकं स्टूल स्वयंपाकघरात ढकललं, शेजाऱ्यांच्या गॅलरीतून त्यांची कुंडी मागून आणली, दिव्यावर पांढरा रुमाल टाकला, आणि मी हसत उभी राहून राहून माझे गाल दुखायला लागले. फोटो इतका छान आला की तो बघून मावशीने फोन केला, "नवीन जागा घेतलीत आणि आम्हाला सांगितलंही नाही."

त्या बक्षिसाआधी वर्गात माझा आवाज फक्त हजेरीत ऐकू यायचा. आता घरात मला भोंगा म्हणतात. मला राग येत नाही. भोंगा निदान सगळ्यांना ऐकू तरी जातो.

बाबा आधी सिनेमाचे निर्माते होते. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लांब गाडी आणि काळा चष्मा येतो. प्रत्यक्षात निर्माता म्हणजे सेटवर कुणीच नसेल तेव्हा जो असतो तो. नटाला ताप आला तर डॉक्टर शोधणारा, वीज गेली तर वीजवाल्यांच्या मिनतवाऱ्या करणारा, आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आधी धावत जाऊन टेबलावरची फुलदाणी जरासं इकडे करणारा. बाबांचा पहिला सिनेमा बरा चालला. दुसरा चालला म्हणण्यापेक्षा लंगडला. तिसरा एका दरोड्यावर होता, तो अर्धा होऊन डब्यात गेला तो गेलाच. आई त्या तिन्ही सिनेमांवर कंटिन्युइटी बघायची. म्हणजे एका शॉटमध्ये नायकाचा कप अर्धा असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो काठोकाठ भरलेला दिसता कामा नये, हे लक्षात ठेवायचं काम. "यांनी हलवायचं आणि मी ते परत जागेवर ठेवायचं, यातूनच आमचं लग्न झालं," असं ती सांगते.

तिसरा सिनेमा बंद पडल्यावर बाबा बरेच दिवस घरी होते. जिन्यात कुणी भेटलं की विचारायचं, "काय मग, सध्या काय चालू आहे?" बाबा म्हणायचे, "चर्चा चालू आहे." मी पायऱ्या बघत उतरायचे. चर्चा कुणाशी चालू होती ते मला माहीत होतं: पाण्याच्या जगाशी.

पण त्या दरोड्याच्या सिनेमासाठी बाबा पोलीस ठाण्यात जाऊन तासन् तास बसायचे. चोर कुलूप कसं उघडतो, जबाब कसा लिहितात, सगळं विचारून घ्यायचे. सिनेमा गेला, ओळखी राहिल्या. शहरातल्या एका छोट्या दैनिकाला गुन्ह्यांच्या बातम्या आणणारा माणूस हवा होता, फोटोही त्यानेच काढायचे होते, आणि बाबा पत्रकार झाले. बातम्या अशा लिहायचे की वाचताना पार्श्वसंगीत ऐकू यावं. साधी सायकलचोरी असली तरी तिच्यात एक रिकामी गल्ली आणि एक लांब सावली असायचीच. लोकांना आवडायला लागलं. जिन्यात आता लोक विचारायचे, "पुढे काय झालं हो त्या केसचं?" आणि मी मान वर करून पायऱ्या चढायचे.

मग चष्म्याच्या दुकानातली चोरी झाली.

शनिवारी सकाळी नोकराने दुकान उघडलं तेव्हा मागच्या खोलीत फ्रेमांचे ट्रे उपडे पडलेले होते आणि महागाच्या फ्रेमा गायब होत्या. दुकानाचे मालक परगावी होते. पोलीस आले, त्यांच्या मागोमाग बाबा गेले, आणि रविवारी पहिल्या पानावर त्यांचा फोटो आला. काय फोटो होता. अंधारी खोली, जमिनीवर विखुरलेले चष्मे, मागचं दार वीतभर उघडं, त्यातून फरशीवर पडलेला उजेडाचा एक पट्टा, आणि त्या पट्ट्यात, दाराला टेकवून ठेवलेली एक निळी बादली. वर मथळा: 'बादलीने दाखवली वाट.' खाली ओळ: 'रात्रभर उघडं राहिलेलं मागचं दार. ते कुणी आणि कुणासाठी उघडं ठेवलं?'

शाळेच्या भित्तिपत्रकाची मी यंदा संपादक आहे. भाषेच्या बाईंनी विषय दिला होता 'बातमी', आणि शुक्रवारी बाबांना पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं होतं, त्यामुळे मी जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते. रविवारचा तो फोटो मी कापून फळ्याच्या बरोबर मध्यभागी लावला आणि भोवती रंगीत कागदाची चौकट केली. खाली सुंदर अक्षरात लिहिलं: 'माझे बाबा, विशेष प्रतिनिधी.'

सोमवारी आणि मंगळवारी माझ्या बाकावरची झिपरी आली नाही. तिचे केस कितीही घट्ट वेणी घातली तरी सुटतात म्हणून झिपरी, आणि ती स्वतःच ते नाव सांगते. बुधवारी ती आली, पण माझ्या शेजारी न बसता मागच्या बाकावर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत मी बघितलं तर ती भित्तिपत्रकासमोर उभी. मला वाटलं, फोटो बघून गार झाली असणार.

"कसा आहे?" मी विचारलं.

"ही बादली माझ्या आईची आहे."

"म्हणजे?"

"आई त्या दुकानात झाडूपोछा करते. रविवारी मालकांचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. मग वरच्या ऑफिसवाल्यांचा आला, तिथेही नको. पेपरात आलंय म्हणतात."

इतकी वर्षं आम्ही डबा वाटून खातोय, आणि तिची आई 'कामाला जाते' एवढंच मला माहीत होतं. कुठे जाते हे मी कधी विचारलं नव्हतं. पण ते आत्ता सुचतंय. तेव्हा मी म्हणाले, "पण बातमीत काकूंचं नाव कुठे आहे?"

"त्या दुकानात ती बादली किती जण उचलतात असं वाटतं तुला?" झिपरी म्हणाली. "आणि आई ती दारात ठेवूच शकत नाही. तिचं बूड चिरलंय, गळते ती. बेसिनखाली फरशी खोलगट आहे, तिथेच ठेवते, नाहीतर सकाळी सगळीकडे तळं."

आजूबाजूला चारपाच जणी जमल्या होत्या. आणि समोर कुणी जमलं की हल्ली माझा भोंगा आपोआप सुरू होतो. मी ढाल मिळवलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, माणूस खोटं बोलू शकतो. फोटो खोटं कसं बोलेल?"

कुणीतरी मागून "बरोबर आहे" म्हणालं. फोटोच्या कोपऱ्यातली टाचणी सैल होऊन लोंबत होती, ती झिपरीने अंगठ्याने दाबून नीट बसवली.

"पडत होती," ती म्हणाली आणि वर्गात गेली.

त्यानंतरच्या तासांना बाई काय बोलल्या ते मला सांगता येणार नाही. ती टाचणी माझ्याच अंगात कुठेतरी बसली होती.

घरी आले तेव्हा आई टेबलावर मुद्रितं पसरून बसली होती. मी दप्तर न काढताच सगळं सांगून टाकलं, गळणाऱ्या बादलीसकट. आईने लाल पेन खाली ठेवलं.

"मूळ फोटो आहे का यांच्या कॉम्प्युटरवर?"

होता. पेपरात छापताना त्याची उजवी बाजू कापली होती. मूळ फोटोत ती बाजू होती आणि तिथे बेसिन होतं. आईने चष्मा कपाळावर ढकलला, जवळचं बघताना ती तसंच करते, आणि फोटो मोठा मोठा करत गेली. बेसिनखाली फरशीवर पाणी साचलं होतं. गोल, ताटाएवढं. त्या गोलापासून दारापर्यंत थेंब पडत गेले होते. आणि दारात, बादलीखाली, फरशी कोरडी ठणठणीत.

"बघ," आई म्हणाली, अगदी हळू. "रात्रभर दारात उभी असती तर तळं दारात असतं. ही फोटोच्या आधी नुकतीच उचलून आणली आहे."

"कुणी?"

आईने फोटो परत लहान केला. मला कळलं होतं. तिला तर माझ्याही आधी कळलं होतं, कारण तिने उभ्या आयुष्यात एवढंच काम केलं होतं: बाबांनी काय हलवलं ते शोधणं.

बाबा शीळ घालत आले. बूट काढता काढता म्हणाले, "भोंगा, शुक्रवारी निळा शर्ट घालू की पांढरा? फळ्याचा रंग काय आहे तुमच्या?"

"बादली कुणी हलवली?" आईने विचारलं.

तो आवाज मी याआधी ऐकला नव्हता. सेटवरचा असावा. बाबा एका पायात बूट तसाच ठेवून आत आले.

"कुठली बादली?"

आईने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. बाबा वाकून बघायला लागले. आधी त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःचं काम आवडलेल्या माणसाचं हसू होतं. मग ते नाहीसं झालं.

"पोलिसांनी हलवली असेल," ते म्हणाले.

"पोलिसांना कशाला हलवायची होती?"

बाबा बसले. खुर्ची सरकवली नाही, होती तशीच बसले, तिरके. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, बोटं वळली, जणू कशाची तरी कडी धरलीय, आणि हात हवेतच उजवीकडून डावीकडे गेला. ते स्वतःच्या हाताकडे असं बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचातरी असावा.

"दार सारखं बंद होत होतं," ते म्हणाले. "स्प्रिंगचं दार आहे. बंद झालं की उजेड जायचा. मी उघडायचो, कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत परत बंद. मग मी बघितलं, टेकवायला काही आहे का."

"आणि?"

"मला आठवतच नाही गं मी उचलल्याचं. आत्ता हात गेला तेव्हा आठवलं."

"मग बातमी कशी लिहिलीत?" मी विचारलं. माझा आवाज फार मोठा आला.

"बातमी संध्याकाळी लिहिली. ऑफिसात बसून." ते थांबले. "फोटो समोर ठेवून."

मग आई म्हणाली, "म्हणजे स्वतःच सेट लावलात आणि स्वतःच फसलात."

हे एरवी कुणी सांगितलं असतं तर आम्ही तिघं पोट धरून हसलो असतो. पाहुण्यांना सांगण्याजोगा किस्सा होता. बाबांचे कान लाल होत होते, आधी पाळ्या, मग वरपर्यंत.

"पोलिसांनी काहीच सांगितलं नव्हतं?" आईने विचारलं.

"सांगितलं होतं. कुलपावर ओरखडे होते, काहीतरी घालून उघडलंय म्हणाले. मी लिहिलंय ते. शेवटून दुसरी ओळ." बाबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "ओरखडे फोटोत दिसत नव्हते. बादली दिसत होती."

मी त्यांना काकूंचं सांगितलं. दुकान, वरची ऑफिसं, दोन्हीकडचे फोन. सांगताना मला वाटलं होतं, मी न्यायाच्या बाजूने उभी आहे आणि मला बरं वाटेल. वक्तृत्वात तसंच वाटतं, शेवटचा मुद्दा मांडला की. इथे प्रत्येक वाक्यागणिक बाबा खुर्चीत लहान होत गेले, आणि मला वाटायला लागलं की मी गप्प बसते तर बरं होतं.

"उद्याच्या अंकात खुलासा देतो," बाबा म्हणाले. "काय झालं ते सगळं. माझ्या नावानिशी."

आणि तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नावानिशी कशाला?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे, खुलासा द्याच," मी म्हणाले. "पण नुसतं लिहा की बादलीचा संबंध नव्हता. तुम्हीच ठेवली हे कशाला सांगायचं? नाहीतर शनिवारी द्या. शुक्रवार होऊन जाऊ दे. बाई सगळ्या वर्गांना घेऊन येणार आहेत, मुख्याध्यापक येणार आहेत, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय…"

माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं आणि मध्येच विझलं. दुपारी फळ्यासमोर मी काय म्हणाले होते? फोटो खोटं कसं बोलेल. आता मला तोच खोटा फोटो आणखी दोन दिवस भिंतीवर हवा होता, रंगीत चौकटीसकट.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. ते म्हणाले, "मघाशी भोंगा झालीस, आणि आता आवाज बसला का?" आणि मग आणखी खाली, "त्या बाईंचं काम रविवारी गेलंय. मी शुक्रवारची वाट बघू?"

मी माझ्या खोलीत गेले नाही, कारण जायला पाय उचलले नाहीत. तिथेच उभी राहिले आणि बाबांनी संपादकांना लावलेला फोन ऐकला. संपादकांचा आवाज एवढा मोठा आहे की फोन कानाला लावला तरी सगळ्या घराला ऐकू येतो.

"लिहू की," संपादक म्हणाले. "छायाचित्रकाराच्या अनवधानाने."

"छायाचित्रकार मीच आहे."

"म्हणून तर अनवधानाने म्हणतोय. माणसाने स्वतःला थोडी सवलत द्यावी."

"मी उचलून ठेवली असं लिहा. आणि मथळाही मीच दिला."

"अहो, मग वाचक तुमच्या फोटोवर परत विश्वास ठेवेल का?"

"नाही ठेवणार."

"आणि मी?"

संपादकांनी सुस्कारा टाकला तोही आम्हाला ऐकू आला. "यापुढे फोटो दुसऱ्या कुणाकडून घेऊ," ते म्हणाले. "तुम्ही फक्त लिहा. नाव काही दिवस नको. आणि हा खुलासा नुसताच दिला तर कुणी ढुंकून बघणार नाही. त्या बाई तयार असतील तर त्यांचा फोटो घेऊन या. तेवढा शेवटचा."

उजेड असेपर्यंत जायला हवं होतं. आई म्हणाली, तूही जा. मी जायला नकोच म्हणत होते, पण झिपरीचं घर फक्त मला माहीत होतं.

दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या अरुंद गॅलरीत दोरीवर कपडे. दार झिपरीने उघडलं. आम्हाला बघून ती आत वळून म्हणाली, "आई, ते आलेत." कोण ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, म्हणजे घरात आमचा विषय झाला होता.

काकू पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मला बघून त्या नेहमीसारख्या "ये गं" म्हणाल्या, आणि त्या 'ये गं'ने माझी मान आणखीच खाली गेली. त्यांनी बाबांना खुर्ची दाखवली. बाबा उभेच राहिले.

"शनिवारी मी तुमची बादली बेसिनखालून उचलली," बाबा म्हणाले. "दाराला टेकवली. दार उघडं राहावं म्हणून. आणि मग पेपरात मीच लिहिलं की ती तिथे होती."

काकूंच्या हातातली घडी थांबली. "का?"

"उजेडासाठी."

"कसल्या?"

"फोटोच्या. दार बंद झालं की खोलीत अंधार व्हायचा."

"मग आला का उजेड?"

"आला," बाबा म्हणाले.

"हो. फोटो छान आलाय. सगळे तसंच म्हणाले."

काकूंच्या आवाजात कुठेही धार नव्हती. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि तो तसाच हातात धरून ठेवला.

"रविवारपासून मी इथे बसून आठवतेय," काकू म्हणाल्या. "बादली कुठे ठेवली. पोछा मारला, पाणी ओतलं, बादली ठेवली. कुठे ठेवली? पहिल्या दिवशी मला पक्कं माहीत होतं. मग येईल तो विचारायला लागला, अहो पेपरात फोटो आहे. काल रात्रीपासून मला वाटायला लागलं होतं की ठेवली असेल मीच दारात. घाईत असेन. हिला म्हटलंही मी तसं."

झिपरी खिडकीबाहेर बघत होती. "म्हटलंस," ती म्हणाली. "मी भांडले तुझ्याशी."

मला वाटलं जमीन फाटावी वगैरे जे म्हणतात ते बहुतेक असं असतं. फक्त जमीन तिसऱ्या मजल्याची होती आणि खाली कुणाचंतरी स्वयंपाकघर होतं, म्हणजे तिथेही लपायची सोय नव्हती.

बाबांनी फोटोचं विचारलं. "तुम्ही नको म्हणालात तर नाही काढणार," ते म्हणाले. "खुलासा तसाही येईल."

काकूंनी विचार केला. "काढा. पहिला सगळ्यांनी बघितलाय. हाही बघू देत."

बाबांनी कॅमेरा काढला. काकू पलंगावर, मागे खिडकीच्या गजाला ओला टॉवेल वाळत घातलेला, बाजूला अर्धी उघडी ट्रंक, वर वायरीला लोंबकळणारा दिवा. बाबांच्या डोळ्यांना त्या क्षणी काय काय टोचत असेल ते मला ठाऊक होतं. त्यांचा डावा हात टॉवेलच्या दिशेने निघाला. अर्ध्या वाटेवर थांबला. बाबांनी तो हात खिशात घातला आणि एका हातानेच कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "तो टॉवेल काढते."

"नको, नको. असू दे. आहे तसंच असू दे."

"का म्हणून?"

"काही हलवायला नको."

"तुम्ही नका हलवू," काकू म्हणाल्या. "माझं घर आहे. माझा टॉवेल आहे. पेपरात येणार मी, आणि मागे पंचा लोंबणार?"

त्यांनी टॉवेल काढून आत टाकला. ट्रंक बंद केली. मग पलंगावर बसून बघितलं, पटलं नाही, उठून खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि तिच्यावर बसल्या. झिपरीला "तू बाजूला हो, तुझे केस बघ" म्हणाल्या. पदर नीट केला. हे सगळं होईपर्यंत बाबा हात खिशात घालून उभे होते. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी दुसरं माणूस फ्रेम लावत होतं आणि ते बघत होते.

"आता काढा."

बाबांनी एकच फोटो काढला. परत बघितलाही नाही.

गुरुवारी तो आला. वाकडा. एका हाताने काढल्यामुळे खोली उजवीकडे उतरलेली, कोपऱ्यात झिपरीचं कोपर आलेलं, आणि काकू कॅमेऱ्याकडे न बघता कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघतायत. शेजारी खुलासा होता, चौकटीत, आणि त्याखाली बाबांचं नाव. त्यात 'अनवधान' हा शब्द नव्हता. आईने तो छापायला जायच्या आधी तपासला होता. "व्याकरणाची एकही चूक नाही," ती म्हणाली आणि बराच वेळ बाबांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

शाळेत मी सगळ्यांच्या आधी गेले. जुना फोटो काढला. ती टाचणी निघता निघेना, झिपरीने चांगलीच दाबली होती. तिथे नवीन फोटो आणि खुलासा लावला. रंगीत चौकट काढून टाकली. 'माझे बाबा, विशेष प्रतिनिधी' मधलं 'विशेष प्रतिनिधी' खोडलं. 'माझे बाबा'ही खोडावंसं वाटलं एक क्षण, ते तसंच ठेवलं. मधल्या सुट्टीत मुली जमल्या, वाचून झालं की माझ्याकडे बघायच्या आणि पटकन दुसरीकडे बघायच्या. एकीने विचारलं, "मग हा फोटो तरी खरा आहे ना?" मला ढाल मिळाली होती, आणि मी नुसती सैल नसलेली टाचणी दाबत राहिले.

बाई म्हणाल्या, शुक्रवारचा कार्यक्रम पुढे ढकलू या का, घरी विचार. घरी बाबांनीच मला विचारलं, "येऊ का?" मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, "या."

ते आले. पांढरा शर्ट, आणि फळ्याचा रंग न विचारता घातलेला. सगळे वर्ग सभागृहात बसलेले. बाबांनी पहिल्या वाक्यात बादलीचं सांगितलं, म्हणजे पुढे कुणाला कुजबुजायला काही उरलंच नाही. ओरखडे आणि बादली, काय दिसतं आणि काय असतं, ते सगळं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना दोन वेळा अडखळले. टेबलावर पाण्याचा ग्लास अगदी कडेला ठेवलेला होता. त्यांनी तो हलवला नाही. मलाच भीती वाटत होती की पडेल.

मागून एका मुलाने विचारलं, "मग आता तुम्ही काय करता?"

"बातम्या लिहितो," बाबा म्हणाले. "नावाशिवाय."

दोघंतिघं हसले. बाबाही हसले, पण कान लाल झाले, आणि मला पुढच्या ओळीत बसून आपले कान तापलेले कळले. आमच्या घरात ते वारशाने येतात.

काकूंनी वरच्या ऑफिसांचं काम परत घेतलं, दुकानाचं नाही. मालक परत आल्यावर फोनवर म्हणाले, झालं गेलं विसरून जा. काकू म्हणाल्या, नवीन बादली घ्या, ती गळते, आणि फोन ठेवला. हे मला झिपरीने सांगितलं नाही. तिने त्या दिवशी सकाळी वर्गात कुणालातरी सांगितलं, ते मी मागच्या बाकाकडे कान लावून ऐकलं.

कार्यक्रम झाल्यावर आम्ही वर्गात आलो. माझा बाक अर्धा रिकामा होता, बुधवारपासून होताच. मी मुद्दाम बरोबर मध्ये बसले होते, म्हणजे रिकामा दिसणार नाही. तासाची घंटा झाली. कुणीतरी दप्तर आणून माझ्या बाकाशेजारी उभं राहिलं. वेणी सुटलेली होती.

"जरासं सरक," झिपरी म्हणाली.

मी भिंतीला चिकटेपर्यंत सरकले. ती बसली, वही काढली, आणि पूर्ण तासभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही काही बोलले नाही. माझ्या बाजूला बाकाचा एवढा कोपरा उरला होता, तेवढ्यात मावून बसले.